आमची वाटचाल: अडीच मीटरचा स्क्रू

आमच्या घरात आधी माग होते. सोलापुरात यात नवल काही नाही. टॉवेलचं काम कमी झालं तेव्हा चार माग विकले, शेड मोकळी झाली, आणि देवघराच्या जाळ्या कापायला सीएनसी राऊटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं मशीन, घरीच बनवायचा असं आम्ही भावाभावांनी ठरवलं. तयार मशीनची किंमत ऐकून सुचलेलं शहाणपण!

एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या लाकडाची, शीट आठ बाय चार फूट. म्हणून कटर लांबीला सरकवायला अडीच मीटरचा बॉल स्क्रू (ज्याच्या नटात छर्रे फिरतात असा आटेदार दांडा) घेतला, १६ मिमी जाडीचा, फेरीला ५ मिमी सरकणारा. बॉल स्क्रू म्हणजे अचूक, एवढंच ऐकून होतो. मिनिटाला तीनशे फेऱ्यांच्या आसपास तो मधोमध उडीच्या दोरीसारखा झुलायला लागला. लांबी दुप्पट झाली की ज्या वेगाला तो झुलायला लागतो तो वेग चौथाईवर येतो, हे पैसे गेल्यावर कळलं. तीनशे गुणिले पाच, म्हणजे कटर मिनिटाला दीड मीटरच सरकणार. कटर मिनिटाला १८,००० फेऱ्यांचा, दोन धारांचा. प्रत्येक धारेने ०.१ मिमी काढायचं तर मिनिटाला ३.६ मीटर हवेत. आमचा कटर लाकूड कापण्याऐवजी घासत बसायचा. कडा काळ्या, शेडभर जळका वास. पहिल्या गिऱ्हाइकाच्या जाळ्या रात्रभर पॉलिश पेपरने घासल्या.

मग लांबीला दोन्ही बाजूंनी रॅक-पिनियन, म्हणजे दातांची सरळ पट्टी आणि तिच्यावर फिरणारं छोटं दातेरी चाक. मॉड्यूल (दाताचं माप) १, पिनियनला २० दात, म्हणजे फेरीला ६२.८ मिमी. स्टेपर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर, फेरीला २०० स्टेप घेतो. थेट जोडला तर एका स्टेपला ०.३१ मिमी, फारच ढोबळ. टायमिंग बेल्टने एकास तीन रिडक्शन दिलं. रॅकचे दात खाली तोंड करून बसवले, नाहीतर भुसा बसतो. ग्रीसही हात राखूनच; भुशात त्याची खळ होते.

तरी वर्तुळ कापलं की चार ठिकाणी चपटं. आमचे जुने फिटर मामा चहाला आले होते. पिनियन हाताने हलवून म्हणाले, "काय बे, मागाचा गिअर एकाच बाजूला फिरतो, त्याला प्ले, दातांतला ढिलेपणा, चालतो. तुझं हे घडीत पुढं, घडीत मागं." त्याच आठवड्यात मोटरची प्लेट बिजागरीवर घेतली आणि स्प्रिंगने पिनियन रॅकवर दाबून धरला. वर्तुळ गोल झालं.

वर-खाली होणाऱ्या झेडला मात्र बॉल स्क्रूच. आखूड असल्यामुळे झुलत नाही. पण तो स्वतःहून थांबत नाही. उन्हाळ्यात एकदा लाईट गेली आणि स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, आपल्या वजनाने खाली येऊन पूर्ण होत आलेल्या जाळीत रुतला. तेव्हापासून झेडला ब्रेकवाली मोटर.

अडीच मीटरचा तो स्क्रू भंगारात दिला नाही. कापून त्याचे तुकडे केले, टोकं टर्न करताना लेथवाल्याच्या हत्याराच्या दोन टीपा (कापणारी टोकं) गेल्या आणि त्याने त्यांचे पैसेही लावले. त्यातला एक तुकडा आमच्या मशीनच्या झेडला आहे, दुसरा पुढच्या गिऱ्हाइकाच्या. तिसरा अजून कपाटावर पडलाय.