पहिली गाडी: जुनी बीटल की साधी भरवशाची हॅचबॅक? माझा अनुभव

नवीन लायसन्सवाल्याने क्लासिक गाडी घ्यावी का असं विचारलं की उत्तरं दोनच मिळतात. एक म्हणजे असला वेडेपणा करू नकोस, आणि दुसरं म्हणजे आवडलीये ना मग घेऊन टाक. मला दोन्ही भरपूर ऐकायला मिळाली आणि दोन्हींचा काही उपयोग झाला नाही, कारण सगळे गाडीबद्दल बोलत होते आणि मला हे ठरवायचं होतं की मी आत्ता ड्रायव्हर म्हणून कुठे आहे, आणि या टप्प्यावर माझ्या हातात कुठली गाडी असायला हवी. माझं वय २२, लायसन्स नवीन, आणि गाडी रोज लागणार होती, सकाळी वेळेत पोचायला, रात्री उशिरा एकटीने परत यायला, पावसात, हायवेला, सगळीकडे.

फोक्सवॅगनची बीटल मला लहानपणापासून आवडते. म्हणजे फक्त दिसायला नाही, तिची रचनाच आवडते. इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, त्यामुळे रेडिएटर नाही, कूलंट नाही, पाण्याचा पंप नाही. पेट्रोलची टाकी पुढे, स्टेपनी पण पुढे, आणि काच धुवायचं पाणी स्टेपनीतल्या हवेच्या दाबाने उडतं, यासाठी वेगळी मोटरच नाही! ही गाडी पार २००३ पर्यंत मेक्सिकोत बनत होती आणि एकूण २ कोटी १५ लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे तिचे पार्ट आजही मिळतात, हा माझा सगळ्यात मोठा मुद्दा होता घरी भांडायला. बाबांचं म्हणणं एकच, की रोजची गाडी म्हणजे चावी फिरवली की सुरू झाली पाहिजे. मामा माझ्या बाजूने होता पण तो गाड्यांच्या बाबतीत सगळ्यांच्याच बाजूने असतो.

मग ओळखीतून एका काकांची बीटल बघायला मिळाली, सत्तरच्या दशकातली, १६०० सीसी, एकहाती वापरलेली. काका स्वतः तिचं सगळं काम करतात आणि त्यांना ती अशा कोणाला तरी द्यायची होती जो तिची काळजी घेईल. मी बघायला जाताना एका मेकॅनिकना सोबत घेऊन गेले, ज्यांनी एअर-कूल्ड गाड्यांवर काम केलंय, आणि हे मी प्रत्येकाला सांगेन की जुनी गाडी बघायला जाताना त्याच प्रकारच्या गाडीचा माणूस न्या, नेहमीचा गॅरेजवाला कितीही हुशार असला तरी त्याला कुठे बघायचं ते माहीत नसतं.

त्यांनी इंजिनकडे बघितलंच नाही आधी. सरळ खाली वाकले आणि दाराखालच्या पोकळ पट्ट्या तपासायला लागले. बीटलमध्ये याच पट्ट्यांमधून इंजिनची गरम हवा पुढे येते आणि बॉडीचा भारही याच घेतात, म्हणजे इथे गंज लागला तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही, गाडीच्या मजबुतीचा होतो. लोहचुंबक फिरवला, एका जागी तो चिकटेचना, म्हणजे आत पत्रा नाही, पुट्टी आहे. मग मागची सीट उचलली, तिथे बॅटरी असते आणि बॅटरीच्या खालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला असतो बऱ्याच गाड्यांमध्ये, इथेही थोडा होता. जॅक लावून एक बाजू उचलून दार उघडून बंद करून बघितलं, ते थोडं घासत होतं, म्हणजे बॉडी थोडी लवत होती. त्यानंतर इंजिन, आणि तिथे त्यांनी एक गोष्ट दाखवली जी मला फार आवडली, इंजिन बंद ठेवून मागची पुली हाताने धरायची आणि आत-बाहेर ढकलायची, टक टक असा खेळ जाणवला तर आतलं मेन बेअरिंग किंवा केसच झिजलेलं असू शकतं. यात खेळ नव्हता. इंजिन एकदम ठणठणीत होतं.

काकांनी काहीच लपवलं नाही, ते म्हणाले ती पुट्टी आधीच्या एका डेंटिंगवाल्याने भरली असणार, मला पण आज कळतंय. पण ५० वर्षांच्या पत्र्याला गंज लागणारच, तो वयाचा भाग आहे. प्रश्न एवढाच की त्या पट्ट्या नीट बदलायच्या तर बऱ्याचदा बॉडी चेसीवरून सोडवावी लागते, आणि ते काम महिनोन्महिने चालू शकतं. मेकॅनिक मला म्हणाले, "इंजिनाला घाबरू नको, इंजिन एका दिवसात उतरतं. पत्र्याला घाबर."

हे ऐकून पण मी बीटल सोडली नव्हती, खरं सांगते. मला वाटत होतं की पैसे जमवून काम करून घेऊ, आणि मेंटेनन्स तर मी शिकणारच होते. दर ५,००० किलोमीटरच्या आसपास ऑइल बदलायचं, टॅपेट सेट करायचे (म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट बरोबर ठेवायची), सीबी पॉइंटचा, म्हणजे स्पार्कसाठी करंट तोडणाऱ्या संपर्कांचा गॅप बघायचा, टायमिंग म्हणजे स्पार्क बरोबर वेळेला पडतोय का ते बघायचं. काका म्हणाले यातलं काहीच अवघड नाही पण यातलं काहीच टाळता येत नाही, आणि पॉइंट हळूहळू झिजतात त्यामुळे गाडी एकदम बंद न पडता रोज थोडी थोडी बिघडत जाते, ज्याला कान नाही त्याला कळतच नाही. शिवाय जुने रबराचे पेट्रोल पाइप, हे सगळ्यात धोक्याचं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर खराब होतं, आणि बीटलमध्ये हे पाइप गरम इंजिनाच्या अगदी जवळून जातात, त्यामुळे इंजिनाला आग लागण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. उपाय स्वस्त आहे, इथेनॉलला चालणारे चांगले पाइप टाकायचे, क्लिप नीट लावायच्या आणि नियमित बघायचे. पण हे माहीत असायला हवं.

निर्णय फिरला तो गाडी चालवून बघितल्यावर. काकांनी मोकळ्या रस्त्यावर चालवायला दिली, शेजारी स्वतः बसले. स्टीअरिंग हलकं, इंजिनाचा आवाज मागून येतो, खूप मजा आली, मी हसतच होते पूर्ण वेळ. मग ते म्हणाले आता इथे जोरात ब्रेक मार. चारही चाकांना ड्रम ब्रेक, ब्रेकला जोर देणारा बूस्टर नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही. मी दाबला, गाडी थांबली पण मला जिथे थांबेल असं वाटलं होतं तिथे अजिबात नाही, आणि थोडी एका बाजूला ओढली पण. काका म्हणाले ब्रेक ठीक आहेत, हे असेच असतात, म्हणून मी पुढच्या गाडीपासून कायम लांब राहतो आणि पावसात त्याहून लांब. मग एका वळणाआधी मला सांगितलं की वळणात शिरल्यावर घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही, कारण इंजिनाचं वजन मागच्या चाकांच्याही मागे आहे, पाय सोडला की वजन पुढे सरकतं, मागचं टोक हलकं होतं आणि बाहेर पळतं.

आता विचार करा, नवीन ड्रायव्हर घाबरला की पहिलं काय करतो? पाय सोडतो. मीच करते. काकांना ४० वर्षांची सवय आहे, त्यांचे पाय आपोआप बरोबर वागतात, माझे अजून नाही वागत. म्हणजे ज्या वर्षांमध्ये माझ्या हातून चूक होण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, नेमकी त्याच वर्षांमध्ये मी अशी गाडी घेणार होते जी चूक अजिबात सांभाळून घेत नाही. पैसे, गंज, बंद पडणं या सगळ्यापेक्षा हे मला जास्त पटलं, आणि आश्चर्य म्हणजे बाबांपासून मामापर्यंत एकानेही हा मुद्दा काढला नव्हता. सगळे म्हणत होते रस्त्यात बंद पडेल. रस्त्यात बंद पडली तर टो करून आणता येते हो, त्यात काय.

घरी येऊन मी गाडीच्या सेफ्टीबद्दल वाचत बसले. तीन पॉइंटचा सीट बेल्ट व्होल्वोने १९५९ मध्ये आणला, नील्स बोलिन नावाच्या इंजिनिअरने तो तयार केला. इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ ला मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं, आणि गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करणारी ईएससी ही सिस्टीम १९९५ ला. म्हणजे वळणात मी पाय सोडला आणि मागचं टोक सुटायला लागलं तर नव्या गाडीत मला कळायच्या आत ईएससी काम सुरू करते. जुन्या गाडीचा पत्रा जाड असतो म्हणून ती सेफ, हे जे आपण सगळे ऐकत आलोय त्याचं उत्तर अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २००९ मध्ये दिलंय, त्यांनी १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर धडकवली, दोन्ही साधारण ताशी ६४ किलोमीटरला. बेल एअर एवढी मोठी धूड गाडी, पण ड्रायव्हर बसतो ती जागाच कोलमडली, त्यातला माणूस वाचण्याची शक्यता नव्हती. मालिबूवाल्याला पायाला मार लागला असता. पत्र्याच्या जाडीपेक्षा गाडीचं नाक कसं चेपतं आणि तुमच्या भोवतीचा पिंजरा कसा टिकतो त्याला महत्त्व आहे.

इन्शुरन्सचं पण विचारलं. क्लासिक गाडीच्या पॉलिसीत एक चांगली गोष्ट असते की गाडीची किंमत आधीच ठरवून लिहून घेतात, पण मला मिळालेल्या अटींमध्ये वर्षाच्या किलोमीटरवर मर्यादा होती आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे हे दाखवायला लागत होतं. म्हणजे क्लासिक ही दुसरी गाडी असं ते धरूनच चालतात.

मामाने मधला मार्ग सुचवला, नव्वदच्या दशकातली एखादी गाडी, माझदाची एमएक्स-५ वगैरे, जी १९८९ ला आली, फ्युएल इंजेक्शन, कार्बोरेटरची कटकट नाही. कल्पना छान आहे, अजूनही डोक्यात आहे. पण ईएससी तिथेही नाही, आणि आता त्याही ३० वर्षांच्या झाल्यात, रबर आणि प्लॅस्टिक म्हातारं झालेलंच असतं. ज्यांचा हात बसलाय आणि थोडं बजेट आहे त्यांनी नक्की बघावी.

तर मग मी साधी, वापरलेली, छोटी हॅचबॅक शोधायला लागले, सहा एअरबॅग, एबीएस, ईएससी एवढं असलंच पाहिजे ही अट. यात तपासणी वेगळी असते पण तितकीच गंभीरपणे करायची. मालकाला आधीच सांगायचं की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, कारण थंड इंजिनच खरं बोलतं, गरम इंजिन बरेच आवाज लपवतं. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, त्यावरून टायर कधीचा ते कळतं. टायमिंग बेल्ट आहे की चेन ते विचारायचं, बेल्ट असेल तर बदलल्याचं बिल दाखवा म्हणायचं, कारण बऱ्याच इंजिनांमध्ये बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खराब होतं. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे, लागलाच नाही तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. चेसी नंबर टाकून रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्त करायला गाडी परत बोलावलेली, बाकी आहे का ते बघायचं.

आणि ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र, हा छोटा असतो, मोबाइलला जोडता येतो. एका गाडीत त्याने एकही एरर कोड दाखवला नाही, मी खूश झाले, पण मेकॅनिक म्हणाले थांब, रेडिनेस बघ. बहुतेक सगळ्या ओळींपुढे नॉट रेडी येत होतं. म्हणजे बॅटरी काढली असेल किंवा कोड नुकतेच पुसलेत आणि गाडीने स्वतःची तपासणी अजून पूर्ण केलेली नाही. विचारल्यावर विकणाऱ्याने विषय बदलला, आम्ही निघून आलो. शेवटी जी घेतली ती दिसायला अगदी सामान्य आहे, मागच्या बंपरला खरचटलेलं आहे, पण सर्व्हिसची सगळी बिलं एका फाइलमध्ये लावलेली होती आणि थंड इंजिन सेल्फ मारताच सुरू झालं.

घेतल्यावर मी काय केलं तर एका रिकाम्या ओल्या मैदानात जाऊन, शेजारी मामाला बसवून, पूर्ण जोराने ब्रेक मारून बघितला, म्हणजे एबीएसचा पाय थरथरवणारा झटका कसा लागतो ते माहीत झालं. नाहीतर पहिल्यांदा तो लागला की माणूस दचकून पाय उचलतो आणि तिथेच घोटाळा होतो. नवीन गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने मोकळी सुरक्षित जागा बघून हे करावं, बाकी ॲक्सेसरीज नंतर घ्या.

काकांना जाऊन प्रत्यक्ष सांगितलं, फोनवर सांगावंसं वाटलं नाही. ते म्हणाले बरोबर केलंस, आणि मीही ती आत्ता विकत नाही, आधी खालच्या पट्ट्यांचं वेल्डिंग करून घेतो, मग बघू. मधल्या काळात मी त्यांच्याकडे जाते. सुट्टीच्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट सेट करायला शिकवलं त्यांनी, ०.१५ मिलीमीटर, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) मधून जाताना हलकं घासलं पाहिजे, सैलही नको आणि घट्टही नको. पॉइंटचा गॅप ०.४. ऑइल फक्त अडीच लिटर लागतं आणि नेहमीसारखा फिल्टरच नाही, खाली एक जाळी असते ती काढून धुवायची, गॅस्केट दर वेळी नवीन. पुढचा ऑइल चेंज मी एकटीने करणार आहे, काका फक्त बघणार असं ठरलंय, गॅस्केटचा सेट मी आणून ठेवलाय.