बांधलेलं बटण

आज भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये कामानिमित्त गेले होते. गेटवर सीसीटीव्ही, गेटपास, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर. आतल्या पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर) मात्र दोनपैकी एक बटण कायमचं दाबून बांधलेलं! रॅम, म्हणजे यंत्राचा दाबणारा जड भाग, खाली येताना दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून तर ही एकाच वेळी दाबायची दोन बटणं असतात.

ऑपरेटर कंत्राटी, लातूरकडचा पोरगा. म्हणाला, "ताई, दोन्ही दाबत बसलो तर टार्गेट होत नाही."

त्याला निष्काळजी म्हणायला माझी जीभ रेटेना. ज्यानं टार्गेट ठरवलं, त्यानंच ते बटण बांधलंय. मालाची चोरी होऊ नये म्हणून एवढा खर्च, आणि बोटांचं काय?

भोपाळनंतर, १९८७ साली, फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ४१एच आलं. त्यानुसार घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत जिवाला धोका वाटला तर कामगार तसं व्यवस्थापनाला कळवू शकत होता. हा हक्क प्रत्येक शेडमध्ये खरोखर वापरता यायला हवा. आणि तो वापरणाऱ्या कंत्राटी पोराला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवता कामा नये, हे तर सगळ्यात आधी.

सुपरवायझरनी माझ्यासमोर बटण सोडवलं. टार्गेट तेवढंच आहे. उद्या मालकांशी त्याबद्दलच बोलणार आहे.