तुला? मला!

आठवीत संस्कृत सोडून फ्रेंच घेतलं त्यामागे भाषाप्रेम वगैरे काही नव्हतं, मार्क चांगले पडतात असं शेजारच्या ताईने सांगितलं होतं इतकंच. आमच्या बाईंना आम्ही मादाम म्हणायचो. त्या वर्गात आल्या की कुणाचं तरी पेन उचलून भलत्याच कुणाच्या दप्तरात टाकायच्या आणि मग एकेकाला विचारत सुटायच्या, "त्यू ला?" म्हणजे ते तुझ्याकडे आहे का. पेन म्हणजे ल स्तीलो, त्याच्याऐवजी नुसतं ल, आणि पुढे स्वर आला की हा ल त्यालाच जाऊन चिकटतो, म्हणून ला. आम्हाला ऐकू यायचं "तुला?" आणि मागच्या बाकांवरून कोरस, "मला!" खरं उत्तर होतं "झ ले", पण ते कोण देतंय.

माझा घोळ वेगळाच होता, मी सगळं इंग्रजीतून फिरवून आणायचे त्यामुळे 'त्याला' नेहमी क्रियापदाच्या मागे जाऊन बसायचा, त्यू व्वा ल, आणि वहीभर लाल गोल. एकदा मादाम वैतागून म्हणाल्या, "अगं इंग्रजीतून कशाला जातेस, मराठीतून ये ना सरळ! त्याला बघतेस का? त्यू ल व्वा? संपलं." लिंग मात्र पाठच करावं लागलं, आपली वही ती आणि त्यांचं काये तो, त्याला काही इलाज नाही.

पुढे शिकायला लिऑनला गेले. पहिल्याच सकाळी बेकरीत बागेत नावाचा लांब पाव मागितला (बागेत तिकडे स्त्रीलिंगी असतो, मराठीत तो म्हणायची सवय काही जात नाही) तर काउंटरवरच्या बाईंनी धाडकन विचारलं, "वू ला वुले बियाँ क्वित?" चांगला भाजलेला हवाय का. माझं डोकं त्या 'ला'वरच अडकलं, ही कोण ला (बागेतच, स्त्रीलिंगी ना!), आणि मागे रांग! आता तर २०२३ च्या ऑगस्टपासून तिकडे दुकानात पावती आपोआप छापत नाहीत, त्यामुळे पैसे दिले की "वू ल वुले?" हाही एक प्रश्न वाढलाय.

पण खरी मजा भूतकाळाची. कर्म आधी आलं तर पुढच्या क्रियापदाच्या रूपाने त्याचं लिंगवचन घ्यायचं, हा नियम नीट लिहिताना फ्रेंच लोकांनाही घाम फुटतो आणि बोलताना तर कित्येक जण सोडूनच देतात. एकदा बाहेर पडताना माझी फ्रेंच रूममेट दारातून ओरडली, "ले क्ले, त्यू लेझा प्री?" किल्ल्या घेतल्यास का. माझ्या तोंडून पटकन गेलं, "प्रीझ!" (किल्ल्या तिकडेही स्त्रीलिंगी, म्हणून प्री नाही.) ती बघतच राहिली, तुला कसं गं कळलं. मी म्हटलं, आमच्यात 'किल्ल्या घेतलं' म्हटलं ना तर आजी जेवायला वाढणार नाही.

किल्ल्या अर्थात आतच राहिल्या होत्या.