मागे पडलेली नावं

आमचे रसायनशास्त्राचे सर नवा धडा सुरू करताना त्या पदार्थाचं जुनं नाव आधी सांगत. सल्फ्युरिक आम्ल म्हणजे ‘ऑइल ऑफ व्हिट्रिऑल’: हिराकस तापवून मिळणारं, तेलासारखं दाट. लेड ॲसिटेट म्हणजे ‘शुगर ऑफ लेड’, कारण ते विष चवीला गोड. १७८७ मध्ये ग्वितों द मॉर्व्हो, लाव्हाझिए, बर्थोले आणि फूरक्रुआ यांनी पॅरिसमध्ये नवी नामपद्धती मांडली. तेव्हापासून पदार्थ कशाचा बनला आहे हे त्याच्या नावातूनच कळू लागलं.

मला सर्वांत भावला तो ऑक्सिजनचा तास. १७७४ मध्ये प्रीस्टली यांनी पाऱ्याचं लाल भस्म तापवून हा वायू मिळवला आणि त्याला ‘डीफ्लॉजिस्टिकेटेड एअर’, म्हणजे फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा, म्हटलं. पदार्थ जळताना त्यातून फ्लॉजिस्टन नावाचं द्रव्य बाहेर पडतं, असं तेव्हा मानत. ती कल्पना कोसळली आणि नावही गेलं. पण सर तिथे थांबले नाहीत. ऑक्सिजन म्हणजे आम्लजनक. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी लाव्हाझिए यांची खात्री होती. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नाही हे पुढे डेव्ही यांनी दाखवून दिलं. मग हे नाव का नाही गेलं? सरांनी प्रश्न आमच्यावरच सोडला. मी अजून त्यावर विचार करतो. नाव रुळलं की त्यातला चुकीचा दावा कुणी ऐकतच नाही, असं माझं मत झालं आहे.

आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्ह यांनी तिच्यात सिलिकॉनच्या एक घर खाली बसणाऱ्या, तोवर न सापडलेल्या मूलद्रव्याला ‘एका-सिलिकॉन’ म्हटलं होतं. त्यातला ‘एका’ हा संस्कृतातला ‘एक’, हे कळल्यावर वर्गात केवढी खळबळ उडाली! १८८६ मध्ये ते सापडलं, जर्मेनियम झालं आणि तात्पुरतं नाव गळून पडलं.

पुढे जुने शोधनिबंध वाचताना ‘कोलंबियम’, ‘ग्लुसिनियम’ भेटले. ही नायोबियम आणि बेरिलियमची नावं. १९४९ मध्ये ती अधिकृतपणे बाजूला पडली. मी अडलो नाही, ते सरांमुळे.

आज शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. आवर्तसारणी शिकवताना ‘डायडिमियम’ जरूर सांगा. १८४१ मध्ये मोसांडर यांनी लँथॅनम या मूलद्रव्याचं जुळं भावंड म्हणून हे नाव ठेवलं. १८८५ मध्ये आउअर फॉन वेल्सबाख यांनी त्यातून प्रासिओडिमियम आणि निओडिमियम वेगळी काढली. चव्वेचाळीस वर्षं ते एकच मूलद्रव्य समजलं जात होतं, हे मुलांना कळू द्या. मग त्यांना प्रश्न विचारू द्या, आमच्या सरांसारखाच त्यांना वेळ द्या.