फिका ठिपका आणि हवेतली वाफ

मी अभ्यासते आहे त्या सायफर्ट दीर्घिकेची (जिच्या केंद्रातलं कृष्णविवर सक्रिय असतं अशी दीर्घिका) 22 गिगाहर्ट्झवरची पहिली रेडिओ प्रतिमा आली ती फिकी, विस्कटलेली. 5 गिगाहर्ट्झच्या मानाने तीव्रता जेमतेम एक तृतीयांश. कृष्णविवराजवळून सुटणाऱ्या झोतातल्या, म्हणजे जेटमधल्या, जुन्या इलेक्ट्रॉनांचं सिंक्रोट्रॉन उत्सर्जन (चुंबकीय क्षेत्रात गरगरताना ते सोडतात ते) कंप्रता वाढली की असंच उतरतं, म्हणून मी वहीत तसा निष्कर्ष लिहूनही टाकला. पण केंद्राचा ठिपका इतका पसरट का, हे काही मनातून जाईना.

डेटा अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीच्या खुल्या संग्रहातला. 27 अँटेना, प्रत्येकीची तबकडी 25 मीटरची, आणि सगळ्या रुळांवरून हलवता येतात. बाबांची रेल्वेतली सगळी नोकरी महूच्या मीटर गेजवर झाली. ते ऐकताच म्हणाले, "गेज कुठला गं?" "स्टँडर्ड, आणि दोन जोड्या शेजारी शेजारी," म्हटल्यावर त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवून मला रुळांचा फोटो दाखवायला लावला.

माझा हात बसला होता पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर. तिथे 610 मेगाहर्ट्झला तरंगलांबी जवळपास अर्धा मीटर. कॅलिब्रेटरचे, म्हणजे मधून मधून तपासणीसाठी पाहायच्या ओळखीच्या स्रोताचे, चार-पाच स्कॅन एकत्र करून एकच फेज सोल्यूशन (प्रत्येक अँटेनाकडची लाट किती मागेपुढे आहे त्याची दुरुस्ती) काढलं तरी माझं निभत असे. इथेही मी तेच केलं. पण 22 गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 14 मिलिमीटर! शिवाय पाण्याच्या वाफेची शोषणरेषा 22.2 गिगाहर्ट्झच्या आसपासच आहे. हवेतली वाफ सरकली, की एका अँटेनाकडे येणारी लाट काही मिलिमीटर मागे पडते. अर्ध्या मीटरच्या लाटेला त्याचं काही नाही; 14 मिलिमीटरच्या लाटेचा पाव-अर्धा फेरा त्यात जातो.

मग प्रत्येक अँटेनाचा फेजचा प्लॉट वेगळा काढला. मधल्या अँटेनांचे ठिपके एका ओळीत शांत. भुजांच्या टोकाच्या अँटेनांचे मात्र ज्वारी उधळावी तसे, वरपासून खालपर्यंत. मी त्यांचीच सरासरी काढून बसले होते, म्हणून लाटांचा मेळ बसला नाही आणि ठिपका फिका, पसरट झाला. नवख्यांना माझं एकच सांगणं आहे: प्रतिमा बनवण्याआधी टोकाच्या अँटेना पाहा.

प्रत्येक स्कॅनचं सोल्यूशन वेगळं काढलं, दोन स्कॅनमधल्या वेळेसाठी त्यांचा मेळ घातला, वातावरणातल्या शोषणाची दुरुस्ती लावली, आणि शेवटी सेल्फ-कॅलिब्रेशन, म्हणजे स्रोताच्या स्वतःच्याच डेटावरून फेजची दुरुस्ती. रात्री अडीचला प्रतिमा उघडली. बाहेर राजेंद्रनगरात पाऊस कोसळत होता. ठिपका आवळून आला होता, आणि तीव्रता 5 गिगाहर्ट्झच्या जवळपास बरोबरीची.

म्हणजे वर्णपट सपाट (दोन्ही कंप्रतांना तीव्रता जवळपास सारखी), उत्सर्जन कृष्णविवराजवळच्या दाट गाभ्यातलं. तो जेटचा पायथा की कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीवरचा तप्त कोरोना, म्हणजे अतितप्त वायूचं आवरण? लाओर आणि बेहार या खगोलशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये दाखवलं, की रेडिओ-शांत (रेडिओत मंद असणाऱ्या) सक्रिय केंद्रकांची रेडिओ दीप्ती क्ष-किरणांच्या साधारण एक लाखांश असते, ताऱ्यांच्या कोरोनात दिसते तशीच. आता मी माझ्या दीर्घिकेची क्ष-किरण मोजमापं जमवते आहे. वहीतला तो निष्कर्ष खोडला आहे, पुढची जागा कोरी ठेवली आहे.