सेलमधलं जॅकेट आणि ३५० रुपयांची पँट

अखेर आज ते जॅकेट ऑफिसला घातलं! फॅशन डिझायनर अनिता डोंगरेंच्या ‘ग्रासरूट’ या ब्रँडचं, सेलमध्ये घेतलेलं. दोन वर्षं लग्नकार्यासाठी म्हणून मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. सकाळी इस्त्रीसाठी उलटं केलं, तर आतल्या बाजूलाही भरतकामाचा एक धागा लोंबत नव्हता. गाठी इतक्या बारीक की बोटाला लागेनात. कुणीतरी एवढं मन लावून भरलंय आणि मी ते वर्षातून एकदा घालते, याचं फार वाईट वाटलं.

खाली मुंबईच्या फॅशन स्ट्रीटची काळी सुती पँट. आझाद मैदानासमोरच्या त्या रांगेत घासाघीस करून ३५० ला मिळालेली. आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांनी कमरेत टिपा मारल्या, उंची घोट्यापर्यंत घेतली, ८० रुपयांत. खरी करामत त्यांचीच. कपडा अंगावर नीट बसला की किंमत कुणी विचारत नाही. खांद्यात ढगळ असला तर दहा हजारांचाही उसना आणल्यासारखा दिसतो. कानात आईच्या मोत्याच्या कुड्या, पायात कोल्हापुरी. बस्स.

लोकलमध्ये रोजच्या एक ताई शेजारी बसल्या होत्या. जॅकेटचं कौतुक करतील असं वाटलं, तर म्हणाल्या, “पँट कुठून शिवून घेतलीस गं? काय सुंदर बसलीय!” ठाणं येईपर्यंत त्यांना टेलरकाकांचं दुकान समजावून सांगत होते.

शनिवारी हेच जॅकेट मावशीने दिलेल्या खणाच्या कुर्त्यावर घालून बघणार आहे.