वर्कशॉपमधला पाट

परारच्या गणपतीला मखर घरीच करायचं ठरवलं आणि चारही कोपऱ्यांवर तोंडघशी पडलो. चौकटीच्या पट्ट्या ४५ अंशांत कापल्या होत्या, निदान मशीनवरच्या खुणेप्रमाणे तरी. तीन कोपरे जुळवले की चौथा आ वासून उभा. फटीत पुट्टी भरून वर पॉलिश मारलं, तर फट आणखीच उठून दिसायला लागली. शेवटी आईनं काही न बोलता शिवणाच्या डब्यातून जरीची झालर काढली आणि चारही कोपऱ्यांना चिकटवली. आलेल्या प्रत्येकानं झालरीचं कौतुक केलं. आमचा गणपती दीडच दिवसाचा, पण तो दीड दिवस मला फार मोठा गेला.

माझं वर्कशॉप म्हणजे पुण्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. त्यात १० इंची ब्लेडचं एक टेबल सॉ आहे, म्हणजे टेबलाच्या मधून गोल फिरतं पातं वर आलेलं करवतीचं मशीन. त्याच्याबरोबर आडवं कापण्यासाठी जो छोटा गेज मिळतो, तो टेबलाच्या खाचेत सैल दातासारखा हलायचा. अशा गेजवर लाकूड धरून काटकोन मागणं म्हणजे चालत्या बसमध्ये सुईत दोरा ओवणं. यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे स्लेड. प्लायची एक सपाट फळी, तिच्या खाली मशीनच्या खाचांत चपखल बसणारे दोन रनर, वर पुढे-मागे दोन उभ्या फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायच्या आडव्या पट्ट्या. लाकूड फळीवर ठेवायचं, आपल्याकडच्या फेन्सला टेकवायचं आणि फळीसकट पुढे ढकलायचं. लाकूड टेबलावर घासत नाही, त्यामुळे ते तिरकं होत नाही.

पण स्लेड करण्याआधी मशीन तपासावं लागतं, हे मला उशिरा कळलं. ब्लेड खाचेला समांतर नसेल तर वर कितीही देखणी स्लेड बसवा, कापताना ब्लेडचा मागचा अर्धा भाग लाकूड ओरबाडणारच. प्लग काढला, ब्लेडच्या एका दाताला मार्करनं ठिपका दिला, खाचेपासून त्या दाताचं अंतर पुढच्या बाजूला मोजलं, मग ब्लेड हातानं फिरवून तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजलं. फरक ०.३ मिमी. खालचे बोल्ट ढिले करून, ठोकून-ठाकून तो जवळपास शून्यावर आणण्यात एक अख्खा रविवार गेला. दोन्ही वेळा तोच दात का? दुसरा दात घेतला तर ब्लेडच्या पात्यातला थोडासा बाकही मापात शिरतो, आणि मग चूक मशीनची की पात्याची, हे सांगता येत नाही.

सामान गोळा करायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात गेलो. तळाच्या फळीसाठी १२ मिमीचा बर्च प्लाय घेतला. नेहमीचा प्लाय स्वस्त असतो, पण त्याला बाक असतो, आणि स्लेडचा तळ वाकडा म्हणजे सगळंच वाकडं. फेन्ससाठी १८ मिमीच्या दोन-दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या होत्या. चिकटवताना त्या सरळ राहाव्यात म्हणून खाली काय घ्यावं, हा प्रश्न होता. उत्तर ग्रॅनाइटवाल्याच्या दुकानामागे सापडलं. ओट्यासाठी कापलेल्या ग्रॅनाइटचा उरलेला लांब तुकडा त्यानं जवळजवळ फुकट दिला. पट्ट्यांना फेव्हिकॉल लावून, खाली वर्तमानपत्र घालून त्या ग्रॅनाइटवर आवळून ठेवल्या. सकाळी सुटल्या तेव्हा फूटपट्टी लावून खालून बॅटरीचा उजेड मारला, तर कुठेही उजेडाची रेघ नाही. स्लेडच्या सगळ्या कामात पहिल्याच फटक्यात बरोबर झालेली ही एकमेव गोष्ट.

रनर सागाचे केले. खाच व्हर्नियरनं, म्हणजे मिलिमीटरचे शतांश दाखवणाऱ्या मापकानं, मोजली तर १९.०५ मिमी रुंद, म्हणजे पाऊण इंच, आणि साडेनऊ मिमी खोल. पट्ट्या रंध्यानं आणि पॉलिश पेपरनं उतरवत उतरवत १८.९ वर आणल्या. खाचेत घातल्यावर बोटानं ढकलली तर सरकेल, पण डावी-उजवी हलणार नाही, अशी. साग तेलकट असतो, गोंद लावण्याआधी थिनरचा बोळा फिरवावा लागतो. मग खाचेत जागोजागी एकेक छोटं नाणं ठेवलं, त्यावर रनर, रनरवर गोंद, आणि वरून प्लायची फळी. नाण्यांमुळे रनर टेबलाच्या वर किंचित डोकावतो आणि फळीला घट्ट चिकटतो. गोंद वाळल्यावर फळी उचलली, तर दोन नाणी रनरला चिकटून आली. ती काढताना आई वर आली आणि म्हणाली, "हा पाट कुणासाठी करतोयस?" उलट्या फळीखाली दोन पट्ट्या, खरंच पाटच होता तो. तेव्हापासून घरात स्लेडला कुणी स्लेड म्हणत नाही.

फेन्स बसवायची वेळ आली तेव्हा मी आमच्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी आमच्या घराची दारं-खिडक्या केल्या आहेत, आणि माझ्या या नादाकडे ते ज्या नजरेनं बघतात ती नजर मी शाळेत गणिताच्या पेपरानंतर पाहिली होती. मी काटकोन बघायचा नवा कोरा गुण्या काढला, फळीवर ठेवला, फेन्स त्याला टेकवली आणि स्क्रू मारायला निघालो.

"गुण्या तपासला का?"

"नवीन आहे, काका."

"नवीन हाय म्हणून बरोबर हाय का?"

त्यांनी एक फळकूट घेतलं, त्याच्या सरळ कडेला गुण्या लावून पेन्सिलीची रेघ मारली. मग गुण्या पालथा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ. खाली दोन्ही रेघा एक, वर त्यांच्यात बारीक पाचर. गुण्या जितका चुकीचा, त्याच्या दुप्पट ती पाचर दिसते. म्हणून डोळ्याला कळते. हा उपाय त्यांना कुणी शिकवला विचारलं तर म्हणाले, "बापानं. पण त्यानं मारून शिकवला."

गुण्या बाजूला ठेवला. फेन्सच्या उजव्या टोकाला एकच स्क्रू मारला, जेणेकरून ती त्याभोवती फिरेल, आणि डावं टोक अंदाजानं बसवून तात्पुरतं पक्कं केलं. पुढच्या बाजूलाही एक फेन्स लावली. ती फक्त फळी एकत्र धरून ठेवते, तिला काटकोनाशी देणंघेणं नाही. मग मशीन चालू करून ब्लेड हळूहळू वर घेतलं आणि दोन्ही फेन्सच्या मधल्या भागात खाप पाडली.

आता काकांच्याच युक्तीची मोठी बहीण, पाच कापांची चाचणी. साधारण ४०० मिमीचा एक चौकोनी तुकडा घ्यायचा. तो ब्लेडच्या डाव्या हाताला ठेवायचा, उजवीकडून एक पातळ कड कापायची, मग तुकडा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवून ताजी कापलेली कड फेन्सला लावायची, पुन्हा कापायचं. असं चार वेळा. पाचव्या कापाला साधारण इंचभर रुंद पट्टी काढायची. प्रत्येक वळणावर फेन्सची चूक आधीच्या चुकीत मिसळत जाते, त्यामुळे पाचव्या पट्टीत ती चौपट होऊन बसते. काका पालथं करून दुप्पट बघतात, इथे फिरवून चौपट. पट्टीची दोन टोकं व्हर्नियरनं मोजली: लांबचं टोक २५.६२, जवळचं २४.९०. फरक ०.७२, भागिले ४, म्हणजे ०.१८ मिमी चूक ३८० मिमी लांबीत. स्क्रूपासून डाव्या टोकापर्यंत ५२० मिमी. त्या हिशेबानं डावं टोक पाव मिलिमीटर हलवायचं.

काका शेजारी बसून बिडी ओढत ऐकत होते. "पाव मिलीमीटर? ते तर रंध्याच्या एका फटक्यात जातंय."

पाव मिलिमीटर हलवायला गॅरेजवाल्यांचा फीलर गेज लागतो, स्कूटरच्या टॅपेटसाठी वापरतात तोच. फेन्सजवळ एक ठोकळा ठेवायचा, मध्ये ०.२५ चं पान, ठोकळा क्लॅम्पनं आवळायचा, पान काढायचं आणि फेन्स ठोकळ्याला भिडवून नवा स्क्रू मारायचा. सगळं कसं नीट केलं, फक्त ठोकळा फेन्सच्या चुकीच्या बाजूला लावला. दुसरी चाचणी घेतली तर फरक १.४५. दुप्पट! काका काही बोलले नाहीत, नुसती बिडी विझवली. न बोललेलं ते वाक्य मला अजून ऐकू येतं. लांबचं टोक जाड निघालं तर डावं टोक आपल्याकडे ओढायचं, हे मी मग स्लेडच्या कडेवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं. अर्धा मिलिमीटर मागे ओढलं, नवा तुकडा घेतला, पुन्हा पाच काप. फरक ०.०५. म्हणजे ३८० मिमीत एक शतांश मिलिमीटरच्या आसपास. यापुढे माझं व्हर्नियरच खोटं बोलायला लागेल, म्हणून थांबलो आणि उरलेले स्क्रू मारले.

तिथून पुढे स्लेडला एकेक गोष्ट जोडत गेलो. फळीत दोन अॅल्युमिनियमचे टी-ट्रॅक (क्लॅम्पचा बोल्ट अडकून सरकतो अशा खाचेच्या पट्ट्या) बसवले, म्हणजे लहान तुकडा बोटांनी न धरता क्लॅम्पनं दाबता येतो. फेन्सवर सरकणारा स्टॉप, कारण मखराच्या समोरासमोरच्या बाजू नेमक्या सारख्या हव्यात, आणि टेपनं दोनदा मोजून सारखं माप येतं असं ज्याला वाटतं त्यानं एकदा मोजून बघावं. फेन्सच्या खालच्या कडेला रंध्यानं छोटा उतार मारला. नाहीतर तिथे भुसा साचतो आणि लाकूड फेन्सला टेकल्याचा भास होतो. खापेच्या दोन्ही बाजूंना बदलता येणाऱ्या पातळ पट्ट्या, म्हणजे खाप रुंद झाली तर सगळी फळी फेकायला नको.

मखरासाठी खरी गरज मात्र ४५ अंशांची होती, आणि इथे मला एक गोष्ट इतकी उशिरा कळली की स्वतःचाच राग आला. कोपरा जुळायला दोन्ही पट्ट्या बरोबर ४५ अंशांच्या असण्याची गरजच नाही. दोन्ही कोन मिळून ९० भरले की झालं, एक ४४.८ आणि दुसरा ४५.२ असेल तरी फट पडत नाही. म्हणून ४५ च्या मागे न लागता स्लेडवर नुकताच कापलेला अचूक काटकोनाचा प्लायचा तुकडा घेतला आणि त्याचं टोक ब्लेडच्या रेषेवर येईल असा तो फळीवर बसवला. आता एक पट्टी त्याच्या डाव्या कडेला लावून कापायची, जोडीची उजव्या कडेला. तुकडा किंचित तिरका बसला असला तरी एकीकडे गेलेला कोन दुसरीकडे भरून निघतो. टी-ट्रॅकमधल्या दोन मुठी सैल केल्या की तो निघून येतो आणि स्लेड पुन्हा साधी.

आपल्याकडच्या फेन्सच्या मागे, जिथून ब्लेड बाहेर येतं, तिथे लाकडाचा जाड ठोकळा चिकटवून लाल रंगवला आहे. स्लेड वापरताना ब्लेडवरचं संरक्षक झाकण काढावं लागतं, आणि काप संपताना ब्लेड नेमकं तिथेच येतं जिथे अंगठा विसावायला बघतो. माझ्या मशीनच्या पट्टीवर मिनिटाला ४८०० फेरे लिहिले आहेत. १० इंची ब्लेडसाठी हिशेब केला तर दात ताशी सुमारे २३० किलोमीटरनं पळतात. काकांच्या डाव्या हाताच्या तर्जनीला अर्धं पेर नाही. कसं गेलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण लाल ठोकळा बघून एकदाच म्हणाले, "हे बरं केलं."

हे सगळं एप्रिल-मेमध्ये झालं. जुलैत पाऊस लागला आणि एका सकाळी पाट खाचेत रुतून बसला. पत्र्याच्या खोलीतली दमट हवा पिऊन साग फुगला होता. दीड-दोन दशांश मिलिमीटर फुगला असेल, पण मी जागा सोडली होती तीच मुळी तेवढी. उन्हाळ्यात चपखल बसवलेला रनर पावसाळ्यात अडणार, हे सुतारकामातलं पहिलीचं ज्ञान. उन्हाळ्यात सहज लागणारं दार पावसाळ्यात कसं अडतं, हे आमच्या घराच्या प्रत्येक दारानं मला दरवर्षी सांगितलं आहे. पट्ट्या उखडल्या आणि स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चॉपिंग बोर्डातून नवे रनर कापले. ते पाणी पीत नाहीत. पण स्क्रू मारला की भोवती फुगतात, म्हणून भोक आधी पुरेसं मोठं पाडावं लागलं, आणि तरी दोन ठिकाणी पटाशीनं खरवडावं लागलं. रनर बदलले म्हणून पाच काप पुन्हा आले. या वेळी ठोकळा बरोबर बाजूला होता.

गेल्या गणपतीला नवं मखर केलं. तीन कोपरे असे जुळले की नख फिरवलं तर सांधा लागत नाही. चौथ्या कोपऱ्यात जी पट्टी आली तिला वखारीतूनच पीळ होता, आणि पीळ पडलेलं लाकूड कुठल्याच पाटावर सरळ कापलं जात नाही. आईनं झालर आणलेलीच होती. एकाच कोपऱ्याला लावली तर विचित्र दिसेल म्हणून तिनं ती चारही कोपऱ्यांना लावली.